दाजींचा धैंचा

त्या रविवारी सकाळी ताईचा फोन आला तेव्हा मी अजून पांघरुणातच होतो. "बाळू, दाजी उठत नायत रे," ती म्हणाली. मी म्हटलं, "झोपू दे ना ताई, रविवार आहे, पाऊसही लागलाय. तूसुद्धा जरा पड." ती म्हणाली, "तसं नाय, बाळू. उशाशी चहा ठेवला व्हता. थंड झाला. तू ये." घरातल्या साखरपुड्यांपासून सेवानिवृत्तीपर्यंत सगळीकडे माईक हातात घेणारा माणूस मी. पन्नाशी उलटली, शब्दांची कधी वानवा पडली नाही. आणि माझ्या तोंडून निघालं काय, तर झोपू दे! पुढे भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईला ताईने हे सांगितलं. बायका पदराआड हसायच्या, मग पुन्हा रडायच्या. दाजी तिथे असते तर सगळ्यात मोठ्याने तेच हसले असते.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, हरिश्चंद्र. तळवलीचे. आम्ही पावणे गावचे. पावण्यात कारखाने आले तेव्हा आमची भातशेती त्यांच्याखाली गेली, आणि त्यातल्याच एका रंगाच्या कारखान्यात दाजी कामाला लागले. त्यामुळे लग्नानंतर त्यांची मोठी सोय झाली. दुपारची सुट्टी झाली की जेवायला सासुरवाडी! लोकांचे जावई सणाला येतात. आमचा जावई पाळीनुसार यायचा. हेल्मेट ओट्यावर ठेवून विचारायचा, "आज म्हावरं कंचं?" माझी आई सुरुवातीला पाट मांडायची, ताटाभोवती पाणी फिरवायची. महिन्याभरात ती न उठताच सांगू लागली, "टोपात हाय, घे वाढून." जेवण झालं की दाजी मला अंगणात घेऊन जायचे नि कारखान्याच्या भिंतीकडे बोट दाखवायचे. "तो बॉयलर दिसतो ना, तितं तुमच्या आज्याचं एक नंबर भात व्हायचं." मी निरखून पाहायचो. मला बॉयलरच दिसायचा. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि शेतीबद्दल माझं ज्ञान ताटातल्या भाकरीपाशी संपत होतं. आजही फार पुढे गेलेलं नाही, पण ते पुढे येईलच.

तळवलीची त्यांची स्वतःची जमीनही शहराखाली गेली होती. मात्र त्यांच्या वडिलांनी शहाणपणा करून उरणच्या वाटेवर, खाडीला लागून, थोडी खारी जमीन घेऊन ठेवली होती. तिकडे खाडीचं पाणी अडवायला मातीचा बांध असतो, आणि पावसाचं पाणी बाहेर सोडायला बांधात एक झडप असते, तिला उघाडी म्हणतात. मधल्या काळात ती उघाडी मोडली, बांध खचला आणि भरतीचं पाणी थेट खाचरांत शिरलं. बांध पुढे नीट झाला, पण मीठ आतच राहिलं. दाजी रिटायर झाल्यावर आम्ही पहिल्यांदा ती जमीन पाहायला गेलो ते उन्हाळ्यात. सगळी खाचरं पांढरीफटक, भेगाळलेली. मी म्हटलं, "दाजी, भाताचं राहू द्या, वेफर्सचा कारखाना काढा, मीठ घरचंच." दाजी हसले नाहीत. उकिडवे बसले, बोट मातीला टेकवून जिभेला लावलं आणि म्हणाले, "मेली नाय ही. उघडी राह्यली म्हनून अशी झाली." मग मला समजावून सांगितलं. जमीन उघडी पडली की ऊन खालचं पाणी वर ओढून घेतं, पाणी उडून जातं, मीठ तेवढं वर राहतं. जमिनीवर काहीतरी हिरवं असलं, निदान पेंढा तरी अंथरलेला असला, तर मीठ खालीच राहतं आणि पाऊस त्याला धुऊन नेतो. "मान्साला कसं, उन्हात टोपी लागते. तसं हाय," असं म्हणून त्यांनी माझी टोपी काढून स्वतःच्या डोक्यावर घातली.

शेजारची खाचरं जनाशेठची. जनाशेठ हा दाजींचा शाळेपासूनचा दोस्त, एकमेकांना आईबापावरून शिव्या दिल्याशिवाय दोघांना जेवण जायचं नाही. त्याने आपल्या खाचरांत भराव टाकून ती कंटेनर ठेवायला भाड्याने दिली होती. आता बांधावर उभं राहिलं की एका बाजूला पांढरी जमीन आणि दुसऱ्या बाजूला लाल-निळ्या डब्यांची चळत दिसते. "हऱ्या, तू पन दे," जनाशेठ म्हणायचा. "यार्डवाला मागं लागलाय. तुजी जमीन मधीच आडवी येते. घरात बसून भाडं खा, नातवंडांना आइस्क्रीम खिलव." ताईचंही मत तेच होतं, आणि ताईला कोणी लोभी म्हणू नये. तिचं लहानपण चिखलात गेलं होतं, गुडघे झिजले होते आणि नवऱ्याच्या छातीचं एक ऑपरेशन तिने बाहेरच्या बाकड्यावर बसून काढलं होतं. तिला दाजी घरात, पंख्याखाली हवे होते. शेवटी तिने निकाल दिला. तीन पावसाळे. "तिसऱ्या पावसात भात धड उभं राह्यलं नाय, तर जनाला होय म्हनायचं. आन् मंग तोंड पाडून बसायचं नाय." दाजींनी मान डोलावली. घराबाहेर आल्यावर मला म्हणाले, "बाळू, मीठ धुता येतं. भराव नाय धुता येत." एवढंच. त्यानंतर तीन वर्षं त्यांच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

दाजींची योजना अशी होती की भाताच्या आधी आणि भाताच्या नंतर, दोन्ही वेळेला जमिनीवर दुसरं काहीतरी पेरलेलं असायचं. खायला नाही, विकायला नाही, जमिनीला पांघरूण म्हणून आणि मग खत म्हणून. कोणतं पीक, यासाठी त्यांनी मोबाईलवर इतके व्हिडिओ पाहिले की ताई म्हणायची, आमच्या घरात सवत आली ती पण बियान्याची. पहिल्या वर्षी दुकानदाराकडे ताग होता म्हणून त्यांनी ताग पेरला. ताग हे चांगलं पीक, पण त्याला पाय कोरडे लागतात. आमच्याकडे जूनचा दुसरा आठवडा उलटला की बेडूकसुद्धा उंच जागा शोधतो. आठवडाभराच्या झडीत ताग तुंबलेल्या पाण्यात उभ्या-उभ्या कुजला. जनाशेठ बांधावर छत्री घेऊन आला, बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "हऱ्या, ताग पेरलास का शेवाळ?" दाजी म्हणाले, "तुज्या डब्यांना मोड आले की सांग." पहिला पावसाळा असा गेला.

दुसऱ्या वर्षी त्यांनी धैंचा आणला. धैंचा पाण्यात उभा राहतो, खाऱ्या जमिनीतही तग धरतो. पानं चिंचेसारखी बारीक, दांडा सरळसोट. महिनाभरात माझ्या कमरेला लागला. त्या पांढऱ्या जमिनीवर इतका हिरवा रंग मी पाहिला नव्हता. दाजींनी एक रोप उपटून मुळांवरच्या बारीक गाठी दाखवल्या, नखाने एक गाठ फोडली, आत गुलाबी. "हवेतलं खत धरतात ह्या. फुकटचा कारखाना, ना बॉयलर ना भोंगा." आमच्या फॅमिली ग्रुपवर लोक सकाळी गुलाबाची फुलं टाकतात, दाजी मुळांचे फोटो टाकू लागले. माझ्या एका मामेसासूबाईंनी त्याखाली "लवकर बरे व्हा" असं लिहिलं होतं.

धैंच्याचं एकच असतं. फुलावर यायच्या आत, अगदी भरात असताना, तो जागच्या जागी चिखलात गाडायचा. नांगर फिरवायचा आणि सगळं खाली. आठ-दहा दिवस कुजू द्यायचं, मग भाताची लावणी. दाजींना हे पाठ होतं, पण हात चालेना. उभ्या पिकातून जाताना चप्पल काढायची, या शिकवणीत वाढलेला माणूस. पोरगा असताना पळता पळता भाताची चार रोपं तुडवली म्हणून त्यांच्या आईने त्यांना दिवसभर जेवू घातलं नव्हतं. आता त्याच माणसाने जराही न खुरटलेलं, वाऱ्यावर डुलणारं शेत यंत्राखाली घालायचं? हातात धरून चालवायचा पॉवर टिलर बांधावर आला, दाजींनी दोरी ओढायला हात घातला आणि सोडून दिला. "रविवारी करू. पावन्यांना एकदा बघू दे." रविवारी पाहुणे आले. सगळ्यांनी धैंच्यात उभं राहून फोटो काढले. मीही काढला, चष्मा काढून. पुढच्या आठवड्यात पाऊस जास्त, त्याच्या पुढे गटारी, आणि गटारीच्या आसपास आमच्याकडे कोणाच्या हातून सरळ रेषेत यंत्र चालत नाही. तोवर पिवळी फुलं आली. दाजी म्हणाले, "काय दिसतंय, बाळू..." ताई बांधावर उभी होती. तिने एक दांडा मोडून पाहिला. मोडेना, साल लोंबकळली. ती म्हणाली, "आता चुलीत घाला."

शेवटी घातला टिलर, पण दांड्यांचा दोरासारखा चिवट वाख झाला होता, पात्यांना गुंडाळून बसला. अर्धा गाडला, अर्धा वर. काटक्या कुजता कुजेनात, आणि त्यात लावलेलं भात पिवळं पडून रुसून बसलं. कापणीला पेंढाच जास्त निघाला. ताई काही बोलली नाही, आणि ताईचं न बोलणं म्हणजे काय हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. दाजी मला म्हणाले, "चूक धैंच्याची नाय. मना त्याची दया आली."

तरी हिवाळ्यात त्यांनी वरच्या, जरा गोड्या पट्टीत वाल टोकले. भात कापल्यावर मातीत जी ओल राहते तिच्यावर वाल येतो, आमच्याकडचं जुनंच पीक आहे ते. पण पूर्वी अख्खं शिवार वाल पेरायचं, म्हणून सगळे मिळून राखण करायचे. आता शिवारात शेत उरलं होतं एकच, आणि मोकाट गुरांना ते चांगलं माहीत झालं. दाजी घुंगुरकाठी घेऊन दिवसभर बांधावर. गुरांपासून वाचला तो वाल नातेवाइकांच्या तावडीत सापडला. पोपटी लावायची, म्हणजे शेंगा मडक्यात घालून भाजायच्या, म्हणून आम्ही वीसेक जण मडकं, भांबुर्ड्याचा पाला, कोंबडी, अंडी घेऊन थडकलो. दाजींचं म्हणणं होतं, शेंगा तोडा, फार तर वेल कापा, पण उपटू नका. मुळं जमिनीत राहू द्या, तीच तर खरी कमाई. आमची मंडळी मुळासकट वेल उपटून शेकोटीशी बसून शेंगा तोडू लागली. दाजी मधे नाचत होते, "मुलं ठेवा! अरे, मुलं ठेवा!" आमच्या बोलीत ळ चा बऱ्याचदा ल होतो, त्यामुळे लांबून ऐकणाऱ्याला वाटावं, पोरांना पळवायला टोळी आली आहे. मडकं उघडल्यावर मात्र तेच पहिल्यांदा बसले नि सगळ्यात जास्त जेवले. "आता उपटलाच हाय, तर वाया कशाला?"

यंदा तिसरा पावसाळा. उन्हाळ्यात त्यांनी सगळ्या खाचरांवर पेंढा अंथरून ठेवला होता आणि खरं सांगायचं तर, मे महिन्यात गेलो तेव्हा जमीन पूर्वीइतकी पांढरी नव्हती. मी म्हटलं तसं. दाजी म्हणाले, "चाखून बघ." मी चाखली. मला ती खारटच लागली, पण मी "बराच फरक आहे" असं म्हणालो, आणि त्यांनी माझ्या पाठीवर इतक्या जोरात थाप मारली की थोडी माती पोटात गेली. धैंचा वेळेवर पेरला गेला. पण दाजी थकले होते. बांधावर चढताना थांबायचे, खाडीकडे बघितल्यासारखं करायचे. ताईला ते कळत होतं. तिने एकदा मला बाजूला घेऊन सांगितलं, "ह्या बारीला त्यानला गाडायला जमलं नाय ना, तर मी गाडीन. पन येळ चुकवू द्यायची नाय. तीन म्हंजे तीन." मला कळेना, ती करारावर बोट ठेवते आहे की त्यांच्या बाजूने उभी आहे. आता वाटतं, तिलाही ते तेव्हा ठरवता आलं नसेल.

आणि मग तो रविवार. शेतात धैंचा कमरेच्या वर, फुलायला काही दिवस बाकी, आणि दाजी गेले.

आमच्याकडे सुतकात शेताला हात लावत नाहीत. घरची माणसं बाराव्यापर्यंत नांगर धरत नाहीत, बी टाकत नाहीत. बाराव्यापर्यंत थांबायचं तर धैंचा जून होणार, म्हणजे गेल्या वर्षाचीच गत, आणि तिसरा पावसाळा वाया. भेटायला आलेली माणसं बाहेर दाजींच्या आठवणी काढत होती, आणि आत भिंतीला टेकून बसलेल्या ताईच्या डोक्यात हे चाललं होतं, हे मला तिने हाक मारेपर्यंत ठाऊक नव्हतं. तिने मला जवळ बसवलं, आवाज खाली आणला. "बाळू, उद्या बांधावर जा. एक दांडा मोड. कटकन मोडला तर मला फोन कर."

गेलो. मोडला. कटकन मोडला. मी फोन केला.

"मंग उद्याच," ताई म्हणाली. "तू कर."

"मी?"

"तू मेवना. दुसऱ्या घरचा. तुला सुतक नाय, आंगोळ केली की मोकला."

ताईच्या धाकट्या दिरांना हे पटलं नाही. चांगला माणूस, भावावर जीव. डोळे पुसत म्हणाले, "वैनी, दादाची राख अजून गरम हाय. लोक काय म्हनतील? चार दिवस थांबलं तर काय आभाळ कोसळतंय?" ताईने त्यांच्याकडे पाहिलं आणि अगदी मऊ आवाजात म्हणाली, "भावोजी, सुतक मला हाय. धैंच्याला नाय." दीर उठून बाहेर गेले. थोड्या वेळाने परत आले ते दाजींचे गमबूट घेऊन, आणि ते त्यांनी माझ्यासमोर ठेवले.

घरचं यंत्र वापरायचं नाही म्हणून मी जनाशेठकडे त्याचा जुना टिलर मागायला गेलो. लाज वाटत होती. ज्याला ती जमीन भरावाला हवी त्याच्याच दारात, ती वाचवायला यंत्र मागायचं. जनाशेठ दाढी वाढवून ओटीवर बसला होता. "ने," म्हणाला. "डिझेल भरलेलं हाय. पन मी नाय येनार. हऱ्या नसताना त्याच्या शेतात पाय ठेववनार नाय माज्याने."

आता पॉवर टिलर हा प्रकार ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ते यंत्र आपण चालवतो असा समज असतो. मी टेबलावर फायली चालवणारा माणूस. दोरी चौथ्या झटक्याला लागली, यंत्र धडधडलं आणि मला घेऊन निघालं. दाजींचे गमबूट मला दोन बोटं मोठे. पहिल्या वळणावर डावा बूट चिखलात राहिला नि मी पुढे गेलो. मोबाईल मी बांधावरच्या गिरिपुष्पाच्या झाडाच्या बेचक्यात अडकवून व्हिडिओ कॉल लावून ठेवला होता, ताईचा हुकूमच होता तसा. स्क्रीनवर ताईचं निम्मं कपाळ आणि मागे दोन-तीन बायकांचे पदर दिसत होते. "बाळू, वाकडा जातोस!" "ताई, मी नाही, हे जातंय!" "पानी कमी हाय त्या बाजूला, उघड बांध!" "कुठला बांध?" "अरे देवा, याला शिकवलं कोनी!" सुतकाच्या घरात असा आरडाओरडा यापूर्वी झाला नसेल.

एका कोपऱ्यात यंत्र रुतलं. मागेही जाईना, पुढेही. मी चिखलात बसलोच. तेवढ्यात यार्डाच्या बाजूने शिव्या ऐकू आल्या, आणि त्या माझ्यासाठी असूनही मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. जनाशेठ पांढरी पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळून उतरत होता. "सरक! मशीन मारशील माजं, आन् मंग तुला गाडावं लागंल हितं!" बांधाच्या कडेला तो थांबला. चपला काढल्या. एकीत एक घालून नीट बाजूला ठेवल्या, शेताला हात लावून कपाळाला लावला आणि मग आत आला. त्याने हँडल धरलं आणि ते माजलेलं यंत्र गरीब गाईसारखं चालू लागलं. धैंचा पुढे आडवा होत होता, मागे नुसता चिखल. मी कडेचे राहिलेले दांडे विळ्याने कापून पायाने दाबत गेलो. जनाशेठ एक अक्षर बोलत नव्हता. आयुष्यात पहिल्यांदाच असेल.

दुपार कलली तेव्हा मी मोबाईलपाशी गेलो. ताई अजून कॉलवर होती.

"गेलं सगलं?"

"गेलं, ताई."

"हिरवं दिसतंय काय कुटं?"

मी मोबाईल गरागरा फिरवला. "नाही. सगळं खाली."

मग मोबाईल तिच्या हातातून मांडीवर पडला असावा, कारण स्क्रीनवर छताचा पंखा दिसू लागला, हळूहळू फिरणारा... आणि त्याच्यामागे ताईचा आवाज. दाजी गेल्यापासून ती पहिल्यांदा तशी रडली. मी आणि जनाशेठ दोघेही चिखलाने माखलेले, त्या पंख्याकडे बघत उभे राहिलो. फोन बंद करायचं दोघांनाही सुचलं नाही.

बारावं झाल्यावर लावणी झाली. ताई स्वतः उतरली, गुडघ्यांना पट्टे बांधून. या खेपेला चिखल लोण्यासारखा होता, आणि काही दिवस त्याला असा कुजका वास होता की शेजारच्या यार्डातला वॉचमन तक्रार करून गेला. आता भात पोटरीला आलंय, कणीस पोटात धरलंय. खालच्या कोपऱ्यात एक टक्कल अजून आहे, तिथे काही लागलं नाही, ते लपवत नाही. पण बाकी खाचर काळंभोर हिरवं आहे, पिवळं पान शोधावं लागतं. किती पिकेल ते कापणीलाच कळेल. दाजींना हवं होतं ते मात्र झालंय, भात धड उभं राहिलंय.

रविवारी आता मी शेतावर जातो, ताईला स्कूटरवर बसवून. परवा परत आलो तर दारात जनाशेठ उभा. यार्डवाल्याने त्याला पुन्हा पिटाळलं होतं आणि ते काम त्याला जड जात होतं, हे त्याच्या तोंडावरून कळत होतं. ताईने चहा टाकला. मी मोरीशी बसून बादलीत पाय धुऊ लागलो.

"वैनी," कप दोन्ही हातांत धरून जनाशेठ म्हणाला, "तीन पावसाचं तुमचं ठरलं व्हतं. आता तो पन नाय. मी आपला एकदा विचारतो, परत नाय विचारनार. कापनी झाली की जमीन रिकामी होईल. तवा बोलू काय त्याच्याशी?"

"कापनीनंतर वाल टोकायचा हाय," ताई म्हणाली.

"बरं. शिमग्याला निघंल ना वाल?"

"मंग पेंढा घालायचा."

"पेंढ्याचं काय, तो उचलता येतो. पावसाच्या आधी?"

"पावसाच्या आधी धैंचा."

"आन् धैंच्यानंतर?"

"भात."

जनाशेठने चहाचा घोट घेतला. मग हसला, डोळे भरलेले असताना माणूस हसतो तसा. "म्हंजे रिकामी कदीच नाय?"

"नाय," ताई म्हणाली. "रिकामी नाय ठेवायची."

"हऱ्या नडला मला शेवटी," असं म्हणून त्याने कप खाली ठेवला, दारापर्यंत गेला आणि वळून म्हणाला, "वालाला गुरं येतील. माजा वॉचमन दिवसभर खुर्चीत झोपा काढतो. त्याला काठी देतो."

तो गेल्यावर मी पाय धुतलेलं बादलीतलं गढूळ पाणी मोरीत ओतायला उचललं, तर ताईने माझा हात धरला. "ओतू नको. ते ओतू देत नसत." मला हे माहीतच नव्हतं. शेतावरून आले की दाजी बादलीत पाय धुवायचे, बादली गॅलरीत नेऊन ठेवायचे आणि चहा पिऊन होईपर्यंत थांबायचे. गाळ खाली बसला की वरचं नितळ पाणी मोरीत, आणि खालची माती कढीपत्त्याच्या कुंडीत. रोजची मूठभर, पण वाया जाऊ द्यायची नाही. मी गॅलरीत पाहिलं. कुंडी काठोकाठ भरली होती, आणि तिच्या शेजारी त्यांनी दुसरी मांडून ठेवली होती, अर्धी भरलेली.

ताईने बादली त्या अर्ध्या कुंडीजवळ ठेवली. मी विचारलं, "आता?"

"आता बस," ती म्हणाली. "गाल बसू दे."

आम्ही दोघं खाली फरशीवर बसलो, बादलीकडे बघत. पाणी हळूहळू नितळत होतं.